नारिनकोलला अजून कुल आहे

१ मार्च २०२४ रोजी कझाकस्तानने साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ लागू केली आणि अल्माटीसह देशाच्या मोठ्या भागातली घड्याळं एक तास मागे गेली. त्या दिवशी शुक्रवार होता. यापुढचं सगळं तीन माणसांच्या आठवणींवर आणि एका यंत्रातल्या नोंदींवर उभं आहे. आठवणी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, आणि नोंदी जिथे बोलायला हव्यात नेमक्या तिथेच गप्प आहेत.

कुल्याश बेकतुर्गानोव्ना यांचा आमच्या जलसंस्थेतला तो शेवटचा दिवस ठरला होता. ‘ठरला होता’ हे शब्द त्यांच्या बाबतीत जपून वापरायला हवेत, कारण त्याआधीही तो तीनदा ठरला होता. निवृत्तीचं वय होऊन दोन वर्षं उलटली होती. पहिल्यांदा झारकेंतच्या केंद्राचं छत गळलं आणि तिथलं यंत्र भिजलं; ते नवं बसेपर्यंत थांबा, असं सांगण्यात आलं. दुसऱ्यांदा त्यांच्या जागी यायला कुणी तयार झालं नाही. तिसऱ्यांदा एकजण तयार झाला, आठवडाभर तळघरात बसला आणि एका बँकेत निघून गेला. चौथ्यांदा मार्लेन आला. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, सावकाश बोलणारा आणि सावकाशच शिकणारा. तो टिकला.

त्यांचं काम बाहेरच्या माणसाला सांगताना त्या स्वतःच कंटाळत. संस्थेच्या तळघरात एक यंत्र आहे आणि त्यात संस्थेतल्या माणसांची यादी आहे: कोण कामावर आहे, कोणत्या नावाने आत शिरतो, कोणती दालनं त्याला उघडी आहेत. नारिनकोल, झारकेंत आणि उशाराल इथल्या आमच्या केंद्रांवर त्याच यादीची एकेक प्रत ठेवणारी यंत्रं आहेत. बर्फात तार तुटली, वाऱ्यात खांब पडला, तरी तिथल्या माणसाला सकाळी आपल्या यंत्रात शिरून पाण्याची पातळी लिहिता यावी, एवढ्यासाठी. बदल करायचा तो फक्त तळघरात. प्रतींनी तो मुकाट उचलायचा. ज्यांनी ही व्यवस्था मुळात बांधली त्या दूरच्या लोकांनी तळघरातल्या यंत्राला मालक आणि बाकीच्यांना गुलाम म्हटलं होतं. आमच्याकडे ते शब्द कझाक होऊन राहिले: ‘बास’ म्हणजे डोकं, आणि ‘कुल’ म्हणजे गुलाम.

पंचाईत अशी की कुल्याश बेकतुर्गानोव्नांचं यंत्रातलं नावही ‘कुल’ होतं. संस्थेत पहिली यादी बनली तेव्हा नावं लॅटिन अक्षरांत आणि शक्य तितकी आखूड हवी होती. कझाकमध्ये त्यांच्या नावातला ‘कु’ आणि गुलामातला ‘कु’ वेगळे उच्चारले जातात, पण लॅटिनमध्ये टंकले की दोन्ही सारखेच दिसतात. ते नाव त्यांना कुणी दिलं हे मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मीच. घाईत होते.” सव्वीस वर्षं संस्था त्या घाईवर हसत आली. तीन कुल बाहेर आणि एक कुल तळघरात, हा उपसंचालकांचा विनोद इतका जुना झाला होता की तो करताना तेही हसत नसत.

उपसंचालक म्हणजे आर्नोल्ड गेन्रिखोविच. व्होल्गाकाठच्या जर्मनांचा नातू, अल्माटीत जन्मलेले, आणि पडद्यावर दिसणाऱ्या कोणत्याही अक्षरावर विश्वास न ठेवणारे. संस्था सोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी त्यांनी एक रीत पाडली होती. त्या माणसाचं नाव यादीतून काढलं की तिन्ही केंद्रांना फोन लावायचा आणि मोठ्याने विचारायचं: अमुक आहे का? तिकडच्या माणसाने आपल्या यंत्रात पाहून उत्तर द्यायचं. तीन वेळा ‘नाही’ ऐकू आलं की आर्नोल्ड गेन्रिखोविच सुटकेच्या कागदावर सही करत. या रीतीला आम्ही ‘हाक’ म्हणत असू.

त्या शुक्रवारी हाक कुलच्या नावाची होती. दुपारच्या गाडीने आर्नोल्ड गेन्रिखोविच सारिआगाशच्या औषधी पाण्यावर गुडघे शेकायला निघणार होते, महिन्याभरासाठी. ते परत येईपर्यंत वितळतं बर्फ नद्यांत उतरलेलं असतं, आणि नद्या चढल्या की संस्थेतून कुणालाही सोडत नाहीत. म्हणजे दुपारपर्यंत सही झाली तर कुल्याश बेकतुर्गानोव्ना सुटणार होत्या. नाही तर पुन्हा शरद ऋतूपर्यंत तळघर.

सकाळी नऊला त्या आल्या. कोट काढला नाही. मार्लेनने कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काढला की परत घालावा लागतो.”

टेबलावर बाउरसाकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात होती. १ मार्चला आमच्याकडे एकमेकांचे आभार मानायची प्रथा आहे, आणि लेखा विभागातल्या बायकांनी तळघरापर्यंत आभार पोचवले होते. कुल्याश बेकतुर्गानोव्नांनी पहिलं काम केलं ते मार्लेनला सगळे अधिकार देण्याचं. यादी नव्याने बांधली, तिन्ही केंद्रांकडे रवाना केली, आणि तिन्ही प्रतींनी ती निमूट घेतली. यंत्राच्या घड्याळात तेव्हा दहा वाजून गेले होते, कारण ते अजून जुन्या वेळेत होतं. मनगटावरच्या घड्याळांत नुकते नऊ वाजून गेले होते. देशाची वेळ बदलल्याचं यंत्राला सोमवारी रीतसर सांगायचं, असं आदल्या आठवड्यात ठरलं होतं.

मग आर्नोल्ड गेन्रिखोविच स्टूल घेऊन आले. इमारतीतलं प्रत्येक भिंतीवरचं घड्याळ ते स्वतः मागे करत फिरत होते.

“आर्नोल्ड गेन्रिखोविच, गुडघे,” कुल्याश बेकतुर्गानोव्ना म्हणाल्या.

“गुडघ्यांना कुठे ठाऊक आहे मी काय करतोय.” ते स्टुलावर चढले. “एक तास फुकट मिळालाय सगळ्यांना. तुम्ही काय करणार तुमच्या तासाचं?”

“झोपेन.”

“आणि उद्यापासून?”

“उद्यापासूनही.”

ते उतरले आणि स्टूल घेऊन पुढच्या खोलीकडे गेले. मार्लेन वर चहाचं पाणी आणायला गेला. परत आल्यावर तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा म्हणाला, “चला आपाय, बसा. हे तुमच्याच हाताने व्हायला हवं ना?” ही रीत मात्र कुल्याश बेकतुर्गानोव्नांची स्वतःची. सोडून जाणाऱ्याला त्या शेजारी बसवत आणि आपलं नाव त्यालाच पुसायला लावत. माणूस कुरकुरला तर म्हणत, दुसऱ्याने पुसलं की राग राहतो.

त्यांनी ‘कुल’ पुसलं. यादी पुन्हा बांधली गेली, पुन्हा रवाना झाली. त्याक्षणी बासच्या लेखी त्या परक्या झाल्या. त्या यंत्रात शिरण्याचा त्यांचा मार्ग बंद झाला. त्या उठून खिडकीखालच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, गरम पाण्याच्या नळीला पाठ लावून.

आर्नोल्ड गेन्रिखोविच कागद घेऊन आले. मार्लेनने फोन मधोमध ठेवला आणि नारिनकोल लावलं. तिथला निरीक्षक तोक्तासिन, संस्थेतला सर्वांत जुना माणूस.

“नारिनकोल, कुल आहे का?”

थोडा वेळ खडखड ऐकू आली. “आहे की.”

“नीट बघा, तोक्तासिन-आगा.”

“नीटच बघतोय. माझ्या नावाच्या दोन ओळी वर. का, पळाली की काय?”

झारकेंतची मुलगी घाईत होती. “आहे” म्हणून तिने फोन ठेवला. उशारालचा माणूस म्हणाला, “आहे. इथे कमरेएवढा बर्फही आहे, पण ते कुणी विचारत नाही.”

आर्नोल्ड गेन्रिखोविचनी पेनाचं टोपण लावलं. “तीन ‘आहे’. कुल्याश बेकतुर्गानोव्ना, तुम्ही नोकरीत आहात.”

“पण इथे तर नाव गेलंय!” मार्लेन म्हणाला. “हे बघा, इथे नाही.”

“इथलं मी कधी विचारतो का? इथे सगळं नेहमीच ठीक असतं.”

मार्लेनने यादी पुन्हा रवाना केली. तिन्ही प्रतींकडून एकच उत्तर आलं: आमच्याकडे आहे ती तुमच्याहून नवी आहे. इथे यंत्रांचा स्वभाव सांगायला हवा. प्रत बासचा शब्द आंधळेपणाने मानत नाही. ती फक्त यादीवरचा वेळेचा शिक्का पाहते. आपल्या शिक्क्यापेक्षा पुढचा असेल तर यादी घेते, मागचा असेल तर परत पाठवते. जुनी यादी चुकून नवीवर बसू नये, म्हणून ही सोय आहे.

“नवी कशी असेल?” मार्लेन पडद्याला म्हणाला. “मी आत्ता बांधली. आत्ता! तिकडे कोण यादी बांधतंय?” त्याने पुन्हा रवाना केली. मग नारिनकोलच्या तारेवर संशय घेतला, मग झारकेंतच्या भिजलेल्या यंत्रावर, मग सगळं बंद करून सुरू केलं. शेवटी खुर्चीत मागे वळला. “आपाय, तुम्ही काही केलंत का?”

“माझं नाव पुसलं.”

“ते सोडून.”

“ते सोडून मी सव्वीस वर्षांत बरंच केलंय, आयनालायिन. कुठलं सांगू?” आयनालायिन म्हणजे आमच्याकडचं ‘बाळा’.

“म्हणजे तुम्हाला माहितीये काय झालंय.”

“मी आता इथली नाही. तू विचारलंस तरी ते यंत्र मला आत घेणार नाही.”

“नारिनकोल घेईल,” आर्नोल्ड गेन्रिखोविच म्हणाले. “तिथे तुम्ही आहात अजून. तिकडून करा काही. चला, माझी गाडी आहे.”

“तिकडून काही करायचं नसतं. तिकडे बदल केला की तो तिकडेच राहतो आणि मग वर्षभर आपण भूत शोधत बसतो.” हे त्या अगदी थकलेल्या, पाठ केलेल्या आवाजात म्हणाल्या. मार्लेनच्या म्हणण्याप्रमाणे त्याला त्यांनी हे वाक्य पहिल्या दिवसापासून ऐकवलं होतं.

एवढ्यात फोन वाजला. तोक्तासिन होता.

“अरे मार्लेन, गणिताचं विचारायचं होतं. माझ्या हातावर दहाला सहा कमी आहेत आणि यंत्रात अकराला सहा कमी. पाण्याची पातळी कुठल्या वेळेने लिहू?”

“यंत्राचं सोमवारी बदलायचंय, आगा. तोवर हातावरच्या वेळेने लिहा.”

“तुमचं बदललं?”

“नाही हो. आमचंही सोमवारीच...” मार्लेनने बोलता बोलता पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे दहाला सहा कमी होते. मनगटावर दहाला सहा कमी. भिंतीवर दहाला सहा कमी. “आमचं बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “आमचं बरोबर कसं?”

तोक्तासिन म्हणाला, “बरोबर असेल तर वाईट काय आहे?”

वाईट हेच होतं. देशाची वेळ बदलली की यंत्राला नवी प्रमाणवेळ सांगायची असते. त्याचे काटे फिरवायचे नसतात. आतून ते जगाची एकच वेळ मोजत पुढे जात असतं. त्या सकाळी कुणीतरी बासचे काटेच मागे फिरवले होते, भिंतीवरच्या घड्याळासारखे. परिणामी बास तोच तास दुसऱ्यांदा जगत होता. मार्लेनला अधिकार देणारी यादी पहिल्या खेपेला दहानंतर बांधली गेली होती. कुलचं नाव पुसणारी यादी दुसऱ्या खेपेला, दहाच्या आधी. प्रतींच्या दृष्टीने नाव पुसणं आधी घडलं होतं आणि नाव असलेली यादी नंतर आली होती. प्रती चुकत नव्हत्या. ही चूक आमच्या देशात, घड्याळं मागे गेलेल्या भागात, फक्त त्याच सकाळी शक्य होती. आणि ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण शहरातलं प्रत्येक घड्याळ तिला दुजोरा देत होतं.

“हं,” कुल्याश बेकतुर्गानोव्ना म्हणाल्या.

“आता जबरदस्तीने ढकलू? प्रतींना विचारायचंच नाही, घ्या म्हणायचं. तशी सोय आहे ना?” मार्लेनने विचारलं.

“आहे. मी दोनदा वापरली. दोन्ही वेळा नंतर कळेना कोण कुणाच्या पुढे आहे.” त्यांनी कोटाची वरची दोन बटणं सोडली. “थांब. सव्वादहा वाजू देत. तुझा सकाळचा शिक्का मागे पडला की यादी परत बांध आणि पाठव.”

“एवढंच?”

“एवढंच.”

आर्नोल्ड गेन्रिखोविच स्टुलावर टेकले. “म्हणजे यंत्र बिघडलंय, मला गाडी गाठायचीय, आणि उपाय काय, तर बसून राहायचं.”

“बाउरसाक घ्या. आभाराचे आहेत.”

त्यांनी घेतला. मग विचारलं, “हे काटे फिरवले कुणी पण?”

मार्लेन म्हणाला, “मी पाणी आणायला वर गेलो होतो.”

“मी भिंतीवरचंच फिरवलं,” आर्नोल्ड गेन्रिखोविच म्हणाले. “यंत्राला मी हात लावत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.” कुल्याश बेकतुर्गानोव्नांचे डोळे मिटलेले होते. त्या झोपल्या होत्या की नाही याबद्दल दोघांचं एकमत नाही. आर्नोल्ड गेन्रिखोविच म्हणतात, घोरत होत्या. मार्लेन म्हणतो, घोरणं नळीचं होतं.

सव्वादहा झाल्यावर मार्लेनने यादी बांधली आणि पाठवली. प्रतींनी ती घेतली. मग फोन मधोमध ठेवून त्याने मोठ्याने विचारायला सुरुवात केली. झारकेंतने आधीसारखंच घाईत सांगितलं: “नाही.” उशाराल म्हणालं, “नाही. बर्फ आहे.” शेवटी नारिनकोल.

“नारिनकोल, कुल आहे का?”

या खेपेला खडखड बराच वेळ चालली. आर्नोल्ड गेन्रिखोविचनी घड्याळ पाहिलं.

“नाही,” तोक्तासिन म्हणाला. मग आवाज चढवून, कुल्याशचं आदराचं रूप वापरत: “कुलेके, तुम्ही तिथेच आहात ना? यादीत नाही एवढंच म्हटलंय हां मी. यादीपुरतंच.”

“ऐकलं मी, तोक्तासिन,” त्या म्हणाल्या.

“या कधी इकडे. मासे आहेत.”

“आधी झोपू दे.”

सही झाली. आर्नोल्ड गेन्रिखोविच स्टूल तिथेच विसरून गाडीला गेले. कुल्याश बेकतुर्गानोव्नांनी कोटाची बटणं लावली, खणातली वाटीभर कुर्त, सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे, मार्लेनकडे सरकवली, आणि बाहेर चिखल झालेल्या बर्फातून ट्रॉलीबसच्या थांब्याकडे गेल्या. त्यांना निरोप देण्यासाठी वरच्या मजल्यावर पाचला टेबल मांडायचं ठरलं होतं. पाचला त्या नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेच्या अभिलेखागारासाठी मी त्यांच्याकडे गेलो, ओर्बिता वस्तीतल्या त्यांच्या घरी. दुधाचा चहा झाला. झोप कशी आहे असं विचारलं, तर म्हणाल्या, “येत नाही. सहाला जाग येते आणि वाटतं, तिकडे पोचलं का नाही.” मग काट्यांचं विचारलं.

“मी असेन,” त्या म्हणाल्या. “किंवा नसेन. त्या दिवशी सगळेच काटे फिरवत होते.”

“पण तुम्हाला तर माहीत होतं की यंत्राचे फिरवायचे नसतात.”

“माहीत तर मार्लेनलाही होतं. मीच शिकवलं होतं.”

“मग कारण कळलं तेव्हा लगेच सांगितलं का नाही?”

त्यांनी माझ्या कपात चहा ओतला, अर्धाच, आमच्याकडे पाहुण्याने अजून बसावं असं वाटतं तेव्हा ओततात तसा. “कळलं कधी, हे तू कसं ठरवलंस?”

संस्थेत एक कथा फिरते की त्यांनीच काटे फिरवले, आपलं नाव तासभर अधिक राहावं म्हणून. कथा सुबक आहे, म्हणूनच मी तिच्यावर अवलंबून राहू शकत नाही. दुसरी कथा अशी की आर्नोल्ड गेन्रिखोविचनी आयुष्यात एकदाच यंत्राला हात लावला, तो त्या सकाळी. तीही सुबक आहे. मार्लेनने गोंधळात स्वतःच केलं आणि विसरला, ही तिसरी. ती सुबक नाही, पण तिलाही आधार नाही.

नोंदी मी पाहिल्या आहेत. काटे फिरवल्याची ओळ तिथे आहे. ती तळघरातल्याच कळफलकावरून, यंत्राच्या मुख्य अधिकाराने लिहिली गेली आहे. तो अधिकार वापरणाऱ्याचं नाव त्यात येत नाही. मार्लेन पाणी आणायला गेला तेव्हा खोलीत कोण होतं, हे तिघेही वेगवेगळं सांगतात. ते काटे कुणी मागे फिरवले, हे अजून माहीत नाही. कुल्याश बेकतुर्गानोव्ना त्या खुर्चीवर झोपल्या होत्या की वाट पाहत होत्या, हेही माहीत नाही.